सोलापुरात बाबांना स्ट्रोक, आता नाशिकला कधी आणि कसं न्यावं?

गोदाकाठ
नमस्कार. मी इथे वाचनमात्रच असते, पण आज विचारायचंच आहे म्हणून लिहितेय. मोबाईलवरून, तेही हॉस्पिटलच्या जिन्यात बसून, त्यामुळे शुद्धलेखन चालवून घ्या.

आम्ही नाशिकचे. आई, बाबा, मी आणि नवरा असे तुळजापूर-अक्कलकोट करायला आलो होतो, मुक्काम सोलापुरात स्टेशनजवळच्या लॉजवर. तुळजापूर झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कलकोटला निघायच्या आधी चहा प्यायला खाली आलो आणि बाबांच्या उजव्या हातातून कप निसटला. मला वाटलं चटका बसला असेल. बघते तर तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा कोपरा खाली, आणि बोलायला जातायत तर नुसतं "ते ते ते". काउंटरवरचे काका धावत आले, एकदा बघितलं आणि म्हणाले वारं गेलंय, जवळच्या दवाखान्यात थांबू नका, जिथं सीटी अन् मेंदूचा डॉक्टर दोन्ही चोवीस तास हाय तिथंच न्या. स्वतः गाडीत पुढे बसले रस्ता दाखवायला, कारण सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा चालू, होम मैदानाच्या बाजूला गर्दी आणि आम्हाला कुठला रस्ता कुठे निघतो काही माहीत नाही.

कॅज्युअल्टीत पहिला प्रश्न, शेवटचे नीट कधी होते? आई म्हणाली सव्वासातला माझ्याशी गरम पाण्यावरून भांडले, तेव्हा सगळं स्पष्ट बोलत होते. डॉक्टरांनी तीच वेळ कागदावर लिहिली. शुगर बघितली, बीपी २०० च्या वर, सीटी काढला, रक्तस्राव नाही, गुठळी आहे. मग बीपी औषधाने खाली आणलं आणि गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं, तेव्हा नऊ वाजत आले होते. सही नवऱ्याने केली, माझा हात थरथरत होता.

आता बाबा आयसीयूतून वॉर्डात आलेत. उजवा पाय उचलतात, हात खांद्यापासून थोडा हलतो, बोटं नाहीत. समजतं सगळं, पण शब्द येत नाहीत. नळीतून फीड चालू आहे.

प्रश्न असा की नाशिक इथून चारशे किमीच्या आसपास. डॉक्टर म्हणतात घाई नको. तिकडून काका-मामांचे फोन, पुण्याला हलवा, तिथे मोठी हॉस्पिटलं आहेत, सोलापुरात काय बसलात. कुणाचा अनुभव आहे का? कधी हलवलंत, गाडीने की रेल्वेने? आणि बोलणं कधी येतं हो? बाबा एसटीत कंडक्टर होते, आयुष्यभर बोलत आलेला माणूस आहे.

शेंगाचटणी
ताई मी सोलापूरचाच, विजापूर रोडला ऱ्हातो. आधी टेन्शन घेऊ नका ओ. लॉजवाल्या काकांनी लाखमोलाचं काम केलं बघा, नायतर बाहेरगावचं माणूस जवळचा बोर्ड बघून आत शिरतंय, तिथं सलाईन लावून दोन तास बसवून ठेवतेत अन् मग म्हणतेत मोठ्या दवाखान्यात न्या.

डब्याचं काय करलालाव तुम्ही? आमच्या घरून रोज येऊ शकतो. ज्वारीची भाकरी चालतीय का आईंना? व्यनि (खाजगी निरोप) केलाय, नंबर बघा.

नानासाहेब ६५
लवकर बरे होतील. आमच्या साडूंना लकवा झाला होता तेव्हा एकाने कबुतराचं रक्त चोळायला सांगितलेलं, दुसऱ्याने राजस्थानातल्या बुटाटीला सात दिवस राहून या म्हणून सांगितलं. बुटाटीला आम्ही गेलोही, श्रद्धेचा भाग आहे, हरकत काही नाही. पण मालिश मात्र लगेच सुरू करा, गरम तेलाने जोरात, नाहीतर नसा आखडतात. डॉक्टर हे सांगत नाहीत.

हाडवैद्य नाही मी
नानासाहेब, आदर ठेवून सांगतो, मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि जोरात मालिशचे परिणाम ओपीडीत नेहमी बघतो. स्ट्रोकनंतर सुरुवातीला हात लुळा असतो, खांद्याचा सांधा मुख्यतः स्नायूंनी धरलेला असतो तोही सैल पडतो, आणि अशात कुणी हात ओढला किंवा खसाखसा चोळला की खांदा खाली उतरतो आणि मग जे दुखणं सुरू होतं ते महिनोन्‌महिने जात नाही, पेशंट व्यायामच करू देत नाही. शिवाय त्या बाजूला जाणीव कमी, तेल किती गरम आहे ते त्याला कळत नाही, भाजलेले पेशंट आणतात लोक. कबुतराबद्दल काही बोलत नाही, त्या बिचाऱ्याचा काय दोष.

गोदाकाठ, तुमच्यासाठी. बाबांना उठवताना उजव्या काखेत हात घालून किंवा मनगट धरून कधीच ओढायचं नाही. नातेवाईक भेटायला येतात आणि प्रेमाने तोच हात धरून "उठा बघू" करतात, त्यांना सरळ सांगा. बसलेले असताना उजव्या हाताखाली उशी. झोपवताना दर दोन तासांनी कूस बदला. भेटायला येणाऱ्याची खुर्ची उजव्या बाजूला ठेवा, म्हणजे ते त्या बाजूला बघतील. आणि "जितकं लवकर चालवाल तितकं चांगलं" हेही अर्धंच खरं आहे, २०१५ मध्ये अ‍ॅव्हर्ट नावाचा मोठा अभ्यास लॅन्सेटमध्ये आला, त्यात पहिल्या चोवीस तासांतच खूप जास्त हालचाल करवलेल्यांचे निकाल उलट थोडे कमी चांगले आले. म्हणजे पडून ठेवा असं नाही, थोडं थोडं आणि पुन्हा पुन्हा.

दुपारची झोप
पुण्याला हलवायला हवं होतं हे माझंही मत. सोलापूर-पुणे अडीचशे किमी, चार-साडेचार तास. उपचार चांगले मिळायला हवेत ना. लोकल लोकांना वाईट वाटेल पण खरं ते खरं.

अवनी_क
वाईट वाटण्याचा प्रश्नच नाही, हिशोबाचा आहे. मी न्यूरोलॉजीत काम करते, सोलापुरात नाही, म्हणजे माझा कुणाशी संबंध नाही.

गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्या साडेचारातही पहिला तास आणि चौथा तास सारखे नाहीत, जितका उशीर तितका फायदा कमी. तुमचे चार-साडेचार तास टेंभुर्णी-इंदापूर-भिगवण करण्यातच गेले असते. पुण्यात पोचल्यावर कॅज्युअल्टी, सीटी, रक्त, सही. दार बंद झालेलं असतं.

हो, एक गोष्ट तुमच्या बाजूची. मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून गुठळी बाहेर ओढतात, थ्रोम्बेक्टॉमी, ती सहा तासांपर्यंत आणि निवडक पेशंटमध्ये चोवीस तासांपर्यंत करता येते, आणि ती सगळ्या गावांत होत नाही. तेव्हा पेशंट हलवावाच लागतो. पण तिथेही क्रम असा की आधी आहात तिथे सीटी, इंजेक्शन बसत असेल तर तिथेच सुरू, मग अ‍ॅम्ब्युलन्स. हे डॉक्टर डॉक्टरशी बोलून ठरवतात, मामा फोनवर नाही.

इंजेक्शन देताना सही का घेतात तेही सांगते, कारण लोक तिथेच अडकतात आणि वेळ जातो. १९९५ च्या मूळ अमेरिकन ट्रायलमध्ये इंजेक्शन दिलेल्या शंभरातल्या साधारण सहा जणांना मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला, न दिलेल्यांत एकाहून कमी. तरीही तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकणारे इंजेक्शनच्या गटात जास्त निघाले. धोका आहेच, तो सांगूनच देतात. बीपी १८५/११० च्या खाली आणल्याशिवाय सुरू करत नाहीत ते याच रक्तस्रावासाठी. तुमच्या डॉक्टरांनी सगळं क्रमाने केलंय.

वाटसरू
अवनी, एक शंका. घरात अ‍ॅस्पिरिन असते, हार्टवाल्यांना चघळायला देतात तशी लगेच द्यायची का?

अवनी_क
अजिबात नाही. सीटीच्या आधी ती गुठळी आहे की रक्तस्राव हे बाहेरून कुणालाच कळत नाही, मलाही नाही. रक्तस्राव असेल तर अ‍ॅस्पिरिनने वाढेल. आणि तोंडाने काहीच द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, गिळण्याचे स्नायूही लुळे पडलेले असू शकतात. बीपीची गोळी जिभेखाली ठेवायची एक सवय आहे लोकांना, तीही नको, बीपी धाडकन पडलं तर उरलेल्या मेंदूचा रक्तपुरवठा आणखी कमी होतो.

घरी करायचं एवढंच, तोंड वाकडं होतंय का, दोन्ही हात वर करायला लावल्यावर एक खाली येतोय का, बोलणं अडखळतंय का, तोल किंवा नजर अचानक गेली का. यातलं एकही असेल तर घड्याळ बघा आणि निघा. गाडी नसेल तर १०८.

सदाफुली
धागा वाचून पोटात कालवलं. आमच्या आईला गाणगापूरला झालेला. रात्री झोपली तेव्हा ठीक होती, पहाटे उठवायला गेले तर उजवी बाजू हलेना. आम्ही "आत्ताच झालंय" म्हणून सांगत होतो, डॉक्टर म्हणाले झोपेत कधी झालं माहीत नाही म्हणजे रात्री झोपली ती वेळ धरावी लागेल. इंजेक्शन मिळालं नाही. आज ती काठी घेऊन चालते, स्वतः जेवते, पण हाताची बोटं उघडली नाहीत ती नाहीच.

गोदाकाठ, तुझ्या आईचं ते गरम पाण्यावरचं भांडण देवानेच घडवलं असं समज.

अवनी_क
सदाफुली, झोपेतून उठल्यावर लक्षात येणाऱ्या स्ट्रोकमध्ये आता काही ठिकाणी एमआरआय करून बघतात, त्यावरून अंदाज येतो की हे ताजं आहे की जुनं, आणि बसत असेल तर इंजेक्शन देतात. म्हणून "रात्रीच झालं असेल, आता काय उपयोग" म्हणून घरी थांबू नये कुणी.

गोदाकाठ
सगळ्यांचे आभार, रात्री दोन वाजता जागी असताना हे वाचतेय आणि जिवात जीव येतोय. अवनी, तुझा प्रतिसाद जसाच्या तसा मामाला फॉरवर्ड केला. त्याने अंगठा पाठवला फक्त.

अपडेट. मॉनिटरवर हृदयाचे ठोके अनियमित दिसले, एट्रियल फिब्रिलेशन म्हणाले, त्यातूनच गुठळी मेंदूत गेली असणार. बाबा वर्षभर "छातीत फडफडतं" म्हणायचे आणि आम्ही सगळे, त्यांच्यासकट, अ‍ॅसिडिटी म्हणायचो. रक्त पातळ करायची गोळी लगेच नाही, पुन्हा स्कॅन बघून सुरू करणार.

आणि एक प्रकार झाला. वॉर्डबॉयने कूस बदलताना जरा जोरात ढकललं तर बाबांच्या तोंडून एकदम स्वच्छ, ठणठणीत शिवी बाहेर पडली. आईची. आख्ख्या वॉर्डाने ऐकली. तीन दिवस "ते ते ते" करणारा माणूस! आई लाजेने पदर तोंडावर घेऊन बसली आणि मी रडत हसत होते. वॉर्डबॉय भला माणूस, म्हणाला आता सुटले काका. पण त्यानंतर परत तेच, पाणी म्हणायचंय तरी "ते". असं का? शिवी येते आणि पाणी येत नाही?

बोलकी
गोदाकाठ, हे माझ्या धंद्यातलं आहे. मी स्पीच थेरपिस्ट. अभिनंदन, खरंच सांगते.

भाषा बहुतेकांची मेंदूच्या डाव्या बाजूला असते, म्हणून उजवा हात आणि बोलणं एकदम जातं. पण ठरवून, शब्द शोधून बोलणं वेगळं आणि आपोआप तोंडून निघणं वेगळं. शिव्या, अंक, वारांची नावं, आरत्या, पाढे हे वर्षानुवर्षं घोटलेलं असतं, ते दुसऱ्या वाटेने येतं, त्यामुळे पाणी मागता न येणारे आजोबा आख्खी आरती म्हणताना मी बघितलेत. नातेवाईकांना वाटतं नाटक करतायत, मुद्दाम बोलत नाहीत. नाटक नसतं.

तुमचे बाबा कंडक्टर होते ना? कुठल्या रूटवर? थांबे म्हणवून बघा. तुम्ही पहिला म्हणायचा आणि थांबायचं. घाईने पुढचा सांगायचा नाही, आतल्या आत दहापर्यंत मोजा.

बाकी, एका वेळी एकानेच बोला. टीव्ही बंद. मोठ्याने ओरडू नका, ते बहिरे नाहीत. हो-नाही मध्ये उत्तर येईल असे प्रश्न. आणि त्यांच्यासमोर "यांना काही कळत नाही" असं कुणीही बोलता कामा नये, त्यांना कळतं.

गिळण्याबद्दल. तुम्ही देवदर्शनाला आलेले, त्यामुळे लोक अक्कलकोटहून तीर्थ आणतील, तुळजापूरचा अंगारा जिभेवर लावतील. कपाळाला लावा, तोंडात नको. पातळ पाणी सगळ्यात धोक्याचं, ते पटकन श्वासनलिकेत उतरतं आणि काही जणांना ठसकासुद्धा लागत नाही, थेट न्यूमोनिया. गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय चमचाभरही नाही. मग आधी दाटसर पदार्थ, सरळ बसवून, हनुवटी किंचित खाली, एक घास पूर्ण गिळल्यावर दुसरा.

शेंगाचटणी
तीर्थाचं बरोबर बोललाव मॅडम. काल मी डबा द्यायला गेलतो तर शेजारच्या बेडवरची एक आज्जी गोदाकाठताईंच्या बाबांच्या तोंडात साखरफुटाणे घालायला निघालेली. सिद्धेश्वराचा परसाद म्हणून. मीच अडवलो. आज्जी माझ्यावरच तापली, म्हणली देवाचं हाय ते.

बोलकी मॅडम एक विचारतो. आमच्या घरात तेलुगू, मी शाळेत मराठी, दुकानात कन्नड. आमच्या आजोबांना झालतं तेव्हा ते फक्त तेलुगू बोलायचे, मराठी गेलीच. असं होतंय?

बोलकी
होतं. बऱ्याचदा सगळ्या भाषा बरोबरीनेच परत येतात, पण कधी लहानपणीची आधी येते, कधी रोजच्या वापरातली आधी. ठाम नियम नाही. म्हणून सोलापूरसारख्या गावात थेरपिस्टने आधी विचारावं की हे घरी काय बोलायचे, आणि जी येतेय तिच्यातूनच सुरू करावं. घरच्यांनी "मराठीत बोला" म्हणून मागे लागू नये.

गोदाकाठ
बोलकी!!! तुम्हाला काय सांगू.

बाबांचा वर्षानुवर्षांचा रूट नाशिक-पुणे. आज सकाळी स्पंजिंग झाल्यावर मी जवळ बसून म्हटलं, सिन्नर. आणि गप्प बसले. ते माझ्याकडे बघत राहिले. मग ओठ हलले आणि "संगमनेर". मी काही बोलले नाही. "आळेफाटा. नारायणगाव. मंचर." इथे अडकले, डोळे मिटले, मला वाटलं संपलं, तर "राजगुरुनगर, चाकण" आणि डावा हात वर करून दोरी ओढल्यासारखं केलं, घंटीची. त्यांच्या काळात दोरीच असायची गाडीत. आई उठून बाहेर गेली.

दुपारी नर्सला बोलावून दाखवायला गेले तर काही म्हणाले नाहीत. रडायला लागले. आता बारीकसारीक गोष्टीला रडतात, भाचीचा व्हिडिओ कॉल आला की रडतात, डबा आला की रडतात, आणि लगेच थांबतात. हेही सगळं नॉर्मल का? आमच्या बाबांना मी कधी रडताना पाहिलेलं नाही.

अवनी_क
स्ट्रोकनंतर रडण्या-हसण्यावरचा ताबा सुटतो बऱ्याच जणांचा, दुःख तेवढं मोठं असतंच असं नाही. विषय बदलला की थांबतं. पण झोप उडणं, जेवायला नको म्हणणं, व्यायामाला पाठ फिरवणं हे दोन आठवडे टिकलं तर डॉक्टरांना सांग, ते नैराश्य असू शकतं, खूप कॉमन आहे आणि औषधाने सुधारतं. आणि आईकडेही बघ. ती जेवतेय का?

गोदाकाठ
आई जेवत नव्हती. शेंगाचटणी यांच्या मिसेस स्वतः येऊन बसल्या समोर, तेव्हा जेवली. भाकरी, पिठलं आणि ती शेंगांची चटणी. आई म्हणते अक्कलकोट राहिलं म्हणून हे झालं का. मी म्हटलं अक्कलकोटच्या आधी झालं म्हणून शहरात होतो, रस्त्यात नव्हतो. पटलंय की नाही माहीत नाही.

डिस्चार्जचं बोलणं सुरू झालंय. नळी काढली, दाटसर घेतात. आता परत मूळ प्रश्न. प्रवास.

वाटसरू
रेल्वेचा विचार करत असाल तर सोलापूरहून नाशिकला सोयीचं म्हणजे कर्नाटक एक्स्प्रेस, दौंड-नगरवरून मनमाडला जाते, तिथून पुढे गाडीने नाशिक. आडवं झोपता येतं हा फायदा. पण मनमाडला उतरवणं, व्हीलचेअर, गाडी थांबते तेवढ्या मिनिटांत हे सगळं होईल का ते बघा. वंदे भारत सोलापुरातून आहे पण ती मुंबईची आणि बसून जायची, तुमच्या कामाची नाही.

हाडवैद्य नाही मी
माझं मत गाडीने, पण डिस्चार्जच्या दुसऱ्याच दिवशी नको. सोलापुरातच जवळ खोली घेऊन थोडे दिवस राहा, तेवढ्यात आधार देऊन बसणं, उभं राहणं, खुर्चीत सरकणं जमेल. गाडीत बसवण्यासाठी तेवढं तरी यावंच लागतं, नाहीतर दोघांनी उचलून कोंबायचं म्हणजे खांदा गेलाच.

पुढची सीट मागे सरकवून थोडी झुकवायची, उजव्या हाताखाली जाड उशी, सीटबेल्ट खांद्यात रुततोय का बघा. दीड-दोन तासांनी थांबून उतरवून उभं करायचं, पाय लटकून राहिले की गुठळ्या होतात. खाणं दिल्यावर अर्धा तास सरळ बसवायचं आणि चालत्या गाडीत काहीही भरवायचं नाही. युरिन पॉट हाताशी. आणि बाबांना विचारून घ्या सगळं, न विचारता उचललं की माणूस घाबरतो.

अवनी_क
यात भर. डिस्चार्ज समरी, स्कॅनची सीडी, ईसीजी, गोळ्यांची यादी एका पिशवीत आणि ती डिकीत नाही, मांडीवर. रक्त पातळ करायची गोळी कुठल्या तारखेपासून ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या, तोंडी नको. एकही डोस चुकवायचा नाही. निघायच्या सकाळी बीपी बघा. रस्त्यात नवीन काही दिसलं, फिट आली, जास्त झोपाळले, तर नाशिक गाठायचा हट्ट नको. टेंभुर्णी-करमाळ्याच्या पुढे नगरच काय ते मोठं शहर, तिथली चोवीस तास सीटी असलेली दोन-तीन हॉस्पिटलं आधीच फोन करून विचारून ठेवा.

दुपारची झोप
मी वर पुण्याचं लिहिलं होतं. सगळं वाचल्यावर मत बदललंय, नोंद असू दे. इन्शुरन्सचं कुणी बोललं नाही म्हणून सांगतो, पॉलिसी असेल तर कंपनीला कळवायची मुदत असते, बहुतेकांची चोवीस तास, आणि बाहेरगावी असलं तरी नेटवर्कमधलं हॉस्पिटल असेल तर कॅशलेस होतं. नसेल तर महात्मा फुले योजनेचा आरोग्यमित्र काउंटरला बसतो, रेशनकार्ड घरी नाशिकला असेल तर कुणाला तरी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवा. मूळ बिलं सगळी जपा, मेडिकलची पावतीसुद्धा.

गोदाकाठ
नवऱ्याने पहिल्याच दिवशी कंपनीला मेल टाकला होता, अर्धे पैसे तरी येतील असं दिसतंय. खोली शेंगाचटणी यांनी त्यांच्याच गल्लीत बघून दिली, तळमजला, कमोड असलेली. घरमालकीण बाई कन्नड बोलतात, बाबा मराठी बोलत नाहीत, दोघांचं छान जमतं.

फिजिओ रोज येतात. बाबा पलंगाच्या कडेला स्वतः बसतात. वॉकर धरून दारापर्यंत गेले काल, मी मागे कमरेचा पट्टा धरून.

गोदाकाठ
अपडेट द्यायला उशीर झाला. आम्ही नाशिकला पोचलो. पहाटे निघालो, करमाळा, नगर, शिर्डीवरून. नगरपर्यंत बाबा जागे, खिडकीतून प्रत्येक एसटीकडे बघत होते. एका लाल डब्याने आम्हाला ओव्हरटेक केलं तर "हळू" म्हणाले. मुद्दाम म्हटलेला शब्द, आपोआपवाला नाही, बोलकी, बरोबर ना?

हात मात्र तसाच आहे. बोटात किंचित हालचाल, चमचा धरता येत नाही. डावा हात वापरायला सांगितलं की चिडतात. इथल्या न्यूरोलॉजिस्टनी सोलापूरचे कागद बघून उपचारात काहीही बदललं नाही, तेवढं मामाला कळवलंय.

आता नाशिकमध्ये घरी येणारे स्पीच थेरपिस्ट कुणी सुचवाल का? पंचवटीच्या बाजूला.

बोलकी
बरोबर, "हळू" हा ठरवून काढलेला शब्द. नाशिकमधल्या एका मैत्रिणीचा नंबर व्यनि करते. पहिले तीन महिने सगळ्यात जोरात सुधारणा होते, म्हणून सेशन्स चुकवू नका, पण तीन महिन्यांनी दार बंद होतं असं जे सांगतात ते ऐकू नका, बोलण्यात वर्षा-दोन वर्षांनीही फरक पडलेला बघितलाय. चिडणं चालेल. डाव्या हाताने जेवायला लावा पण उजवा ताटाशेजारी टेबलावर दिसत राहू दे, मांडीत लपवू नका.

शेंगाचटणी
लई बरं वाटलं ताई. आमची ही सारखी विचारलालती पोचले का पोचले का. तुमचा वॉकर अन् कमोडची खुर्ची इथंच राहिलंय खोलीवर, ट्रान्सपोर्टनं पाठवू का?

गोदाकाठ
इथे दुसरा घेतलाय, राहू दे तिथेच. कुणाला लागला तर देऊन टाका.

सातरस्ता
नवीन सदस्य आहे, शोधता शोधता हा धागा सापडला. माझ्या सासऱ्यांना बार्शीत स्ट्रोक झाला, आता सोलापुरात अ‍ॅडमिट आहेत, या आठवड्यात डिस्चार्ज. वॉकर अजून आहे का? आणि ती तळमजल्याची खोली रिकामी आहे का?

शेंगाचटणी
वॉकर हाय. खोलीचं विचारून सांगतो, व्यनि बघा. हात ओढू नका त्यांचा, वर फिजिओ सरांनी लिहिलंय ते आधी वाचा.